आजीला फोन ‘येतो’ म्हणजे किती येतो?

नोव्हेंबर लागला की आमच्या घरी हयातीच्या दाखल्याचा एक छोटा सोहळा होतो. आईला फॅमिली पेन्शन आहे. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करावी लागायची, आता फोनला चेहरा दाखवला की काम होतं. गेल्या वर्षी तिने जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, चष्मा काढला, पुन्हा लावला, गॅलरीचा पडदा सरकवला. गोलात चेहरा नीट बसला की डोळ्यांची उघडझाप करायची असते. तिने देवापुढे मिटावेत तसे डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. दोनदा तसंच झालं. तिसऱ्या खेपेला जमलं. तिने लगेच मामाला व्हॉइस मेसेज धाडून ही बातमी दिली, बोस्टनला माझ्या धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि मग यूट्यूबवर कीर्तन सुरू केलं. ते फारच मोठ्याने सुरू झालं. आवाज कमी करायची कळ काही हाताला लागेना, तेव्हा तिने शांतपणे फोन उशीखाली सारला आणि ऐकत पडली.

आता आईला स्मार्टफोन येतो की येत नाही? मराठीत ‘येणं’ हे मोठं सोयीचं क्रियापद आहे. पोहायला येतं, मोडी येते, पुरणपोळी येते. पोहण्याचा निकाल पाण्यात पडल्याबरोबर लागतो आणि पुरणपोळीचा तव्यावर. फोनचा निकाल कुठे लावायचा, कुणी लावायचा आणि मुळात कशासाठी, यावर जगात गेली काही वर्षं बरंच काम झालं आहे. ते वाचत गेले तसं माझं एक मत होत गेलं. या मोजपट्ट्या म्हाताऱ्या माणसाचं कौशल्य जितकं मोजतात, तितकंच त्या तयार करणाऱ्याचं आयुष्यही मोजतात.

हा उद्योग स्मार्टफोनच्या पुष्कळ आधीचा आहे. १९६९ साली फिलाडेल्फिया जेरिअॅट्रिक सेंटरमधल्या पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी उतारवयातल्या माणसाला आपलं आपण राहता येईल का, हे ठरवायला आठ कामांची यादी केली. खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार आणि या सगळ्यांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, टेलिफोन. त्याच्या चार पायऱ्या होत्या: स्वतःहून नंबर शोधून फिरवतो, ओळखीचे मोजके नंबर फिरवतो, आलेला फोन घेतो पण लावत नाही, फोनला हातच लावत नाही. गंमत म्हणजे पहिल्या तिन्ही पायऱ्यांना एकच गुण मिळे. फोन नुसता उचलणाराही पास. दुसरी गंमत अशी की स्वयंपाक, घरकाम आणि धुणं या तीन कामांत पुरुषांचे गुण धरू नयेत, असा प्रघात होता. त्यामुळे बायकांचा पेपर आठ गुणांचा आणि पुरुषांचा पाचांचा. ही यादी आजही जगभरच्या दवाखान्यांत वापरली जाते. ‘नंबर फिरवणं’ म्हणजे काय, हे माझ्या भाच्याला समजावून सांगावं लागतं, आणि मोजपट्टी मात्र रुग्णाच्या हातात तीच.

मोजायचं कशाला, या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. शिकवणाऱ्याला कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं हे हवं असतं. सरकारला आकडा हवा असतो. संशोधकाची गरज जरा आडवळणाची असते. स्मरणशक्तीच्या चाचण्या आता टॅबलेटवर घेतल्या जातात. समोरच्या आजोबांना चित्र आठवलं, पण ते सरकवायचं कसं हे कळलं नाही, तर मेंदूचा दोष कुठला आणि बोटाचा कुठला? हे वेगळं काढायचं तर आधी बोटाची सवय मोजावी लागते. या तिघांना एकच मोजपट्टी पुरेल असं मानणं म्हणजे डॉक्टरचं थर्मामीटर दुधात बुडवून दही कधी लागेल ते सांगण्यासारखं आहे.

यातली बरीच वापरात असलेली एक पट्टी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातून आली. नेल्सन रोक आणि वॉल्टर बूट यांची ‘मोबाइल डिव्हाइस प्रोफिशियन्सी क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली २०१८ साली छापून आली. बूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी संगणकासाठी तशीच एक केली होती. ही तिची धाकटी बहीण. प्रश्न ४६, गट आठ: फोनची प्राथमिक हाताळणी, संपर्क, माहिती साठवणं, इंटरनेट, कॅलेंडर, करमणूक, खासगीपणा आणि बिघाड-दुरुस्ती. तिची सोळा प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे, प्रत्येक गटाला दोन प्रश्न. उत्तरं पाच: कधी करून पाहिलं नाही, अजिबात जमत नाही, फारसं सहज जमत नाही, बऱ्यापैकी जमतं, अगदी सहज जमतं. त्यांना एक ते पाच गुण. प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि आठही सरासऱ्यांची बेरीज करायची. कमीत कमी आठ, जास्तीत जास्त चाळीस.

मी एका दुपारी आईला या सोळा प्रश्नांपुढे बसवलं. ती शेंगा सोलत होती, मी मनातल्या मनात मराठी करून विचारत होते.

फोनवरच्या याद्यांमधून फिरता येतं का? येतं, पाच. कीबोर्डवर टाइप करता येतं का? ‘मी बोलते, तो लिहितो.’ टाइप करता येतं का, एवढंच विचारलंय, म्हटल्यावर तीन. ईमेल पाठवता येतो? कधी पाठवलाच नाही, एक. ईमेलने फोटो? एक. फोनमधलं काही कॉम्प्युटरवर घेता येतं? घरात कॉम्प्युटर नाही, एक. कॉम्प्युटरवरचं फोनवर? एकच. आवडीच्या विषयाची माहिती शोधता येते? इथे ती खुलली. कशिदा, कीर्तन, कोकणातल्या देवळांचे व्हिडिओ, सगळं माइकपुढे बोलून शोधते. पाच. तब्येतीची माहिती? चार, कारण ‘जे सापडतं त्याने घाबरायला होतं’. कॅलेंडरमध्ये नोंद करता येते? तिने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ. फोनमधल्या कॅलेंडरला एक. त्यात पुढच्या-मागच्या तारखा बघता येतात? एक. प्ले स्टोअरमधून करमणुकीचं काही घेता येतं? एक. गाणी ऐकता येतात? पाच. फोनला पासवर्ड घालता येतो? तो मी घालून दिलाय, दोन. ब्राउझिंग हिस्ट्री पुसता येते? ‘कशाला पुसायची? मी काय वाईटसाईट बघते?’ एक. अॅप अपडेट? एक. अॅप काढून टाकणं? एकदा प्रयत्न केला होता, जमलं नाही. दोन.

बेरीज साडेसतरा. आठचा पाया वजा केला तर बत्तीसपैकी साडेनऊ. शाळेच्या हिशेबात चक्क नापास. आणि ही बाई दिवसाचे तीन-चार तास फोनवर असते, सोसायटीच्या महिला मंडळाचा ग्रुप चालवते, भाजीवाल्याला क्यूआर कोडवर पैसे देते. यातलं काहीच त्या सोळा प्रश्नांत नाही. ४६ प्रश्नांच्या मोठ्या यादीत मेसेजिंग वगैरे थोडंफार येतं, पण ओटीपी नाही, यूपीआय नाही. उलट तिच्या आयुष्यात कधी न आलेल्या ईमेलला आठातला एक गट बहाल केलेला आहे आणि कालनिर्णयाने केव्हाच सोडवलेल्या प्रश्नाला दुसरा. गुणांच्या पद्धतीत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे: करून पाहिलं आणि फसलं, तर दोन गुण, करायची गरजच पडली नाही, तर एक. गरज नसणं हे न येण्याच्याही खाली धरलं आहे.

हा दोष रोक आणि बूट यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. त्यांनी त्यांच्या देशातल्या, त्या काळातल्या, ईमेलवर चालणाऱ्या समाजातल्या ज्येष्ठांसाठी पट्टी बनवली आणि त्या कामाला ती चांगली आहे. दोष आहे तो नुसतं भाषांतर करून ती जशीच्या तशी लावणाऱ्यांचा.

आईने स्वतःला टायपिंगचे तीन गुण दिले आणि मी ते मुकाट लिहून घेतले. हा दुसरा मोठा पेच. प्रश्नावली हात बघत नाही, तोंडचं ऐकते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये ‘आपल्याला हे जमेल’ या भावनेला एक वेगळी गोष्ट म्हणून नाव दिलं, आणि पुढे संगणकाच्या संशोधनात तिच्यावर ढीगभर प्रश्नावल्या निघाल्या. ही भावना महत्त्वाची आहेच. जमेल असं वाटणारा माणूस बटण दाबून बघतो आणि शिकतो. पण ती म्हणजे कौशल्य नव्हे. एस्टर हर्गिताई आणि स्टीव्हन शेफर यांनी २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांना प्रत्यक्ष इंटरनेटवर कामं करायला लावली आणि त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाजही विचारला. कामात बायका आणि पुरुष यांच्यात फारसा फरक निघाला नाही. अंदाजात मात्र बायकांनी स्वतःला बरंच खाली ठेवलं होतं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कुठल्याही कट्ट्यावर अर्धा तास बसलेल्या माणसाला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणणाऱ्या काकू रेल्वेचं तिकीट काढून मोकळ्या होतात, आणि ‘त्यात काय अवघड आहे’ म्हणणारे काका नातवाची वाट बघत असतात.

हर्गिताईंची आणखी एक युक्ती मला फार आवडते. त्यांच्या प्रश्नावलीत इंटरनेटवरचे शब्द देऊन ‘हा किती ओळखीचा वाटतो’ असं विचारलेलं असतं, आणि त्या खऱ्या शब्दांत एखाददुसरा बनावट, कुठेच अस्तित्वात नसलेला शब्द पेरलेला असतो. तोही ‘चांगलाच ओळखीचा’ म्हणणाऱ्याच्या बाकीच्या उत्तरांकडे मग कसं बघायचं ते कळतं. परीक्षकाने परीक्षा देणाऱ्याची परीक्षा घ्यायची ही पद्धत आपल्याकडच्या सर्वेक्षणांनी उचलायला हरकत नाही.

तोंडचं ऐकायचं नसेल तर हात बघावा लागतो, आणि ते खर्चिक असतं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या अलेक्झांडर फान डर्सन आणि यान फान डाइक यांनी ते केलं. माणसाला संगणकासमोर बसवायचं, ठरलेली कामं द्यायची, वेळ लावायची आणि काम पुरं झालं की नाही ते बघायचं. त्यांनी कौशल्याचे थर पाडले. बटणं आणि पानं हाताळणं, न हरवता वाट काढणं हे खालचे थर; माहिती शोधून तिची पारख करणं आणि तिचा आपल्या फायद्यासाठी उपयोग करणं हे वरचे. २०११ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात गोड धक्का आहे. खालच्या थरांत वय वाढेल तशी कामगिरी घसरत गेली, हे अपेक्षितच होतं. पण ज्या ज्येष्ठांना बटणांचा अडसर उरला नव्हता, ते वरच्या थरांत तरुणांपेक्षा कमी नव्हते. उलट सरस होते. म्हणजे बोट अडखळतं, अक्कल अडखळत नाही. एकच एकूण गुण काढला की हे दोन थर एकमेकांत मिसळतात आणि आपण अडखळणाऱ्या बोटाच्या मालकाला अडाणी ठरवून मोकळे होतो.

भारतात हात बघण्याचं काम झालेलं आहे, पण म्हाताऱ्यांचं नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींच्या घरी जाऊन सांगितलं, ‘फोन घेऊन ये.’ मग कामं दिली: अमुक वाजताचा गजर लाव, एका प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर शोध, यूट्यूबवर हा व्हिडिओ काढ, तो कुणाला तरी पाठव, नकाशावर या जागेहून त्या जागी जायला किती वेळ लागेल ते सांग. साधी, घरातली कामं, हातात स्वतःच्या घरातला फोन. ‘फोन घेऊन ये’ म्हटल्यावर किती जणांना तो आणता येतो, हीसुद्धा नोंद. हे सगळं आजी-आजोबांसाठी आहे तसं वापरता येईल, फक्त कामांची यादी बदलावी लागेल. तसं कुणी मोठ्या प्रमाणावर केल्याचं माझ्या वाचनात नाही.

सरकारी योजनांचं वयाचं गणित तर आणखी बोलकं आहे. ग्रामीण भागातल्या घरटी एका माणसाला डिजिटल साक्षर करण्यासाठी २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झालं. लक्ष्य सहा कोटी घरं. वयाची अट होती १४ ते ६०. म्हणजे एकसष्टी झाली की साक्षर होण्याचा हक्क संपला. पण याच देशात हयातीचा दाखला डिजिटल झाला होता २०१४ मध्ये, आणि तो प्रामुख्याने साठीपुढच्यांनाच लागतो. ‘ओईसीडी’ या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची प्रौढ कौशल्यांची आंतरराष्ट्रीय पाहणीही १६ ते ६५ या वयोगटावरच थांबते. भारत तिच्यात नाहीच. पासष्टीनंतर माणसाचं कौशल्य मोजण्याजोगं राहत नाही, असा या पट्ट्यांचा समज दिसतो.

हात बघायचा म्हटला तरी तो कुणाच्या फोनवर बघायचा? प्रयोगशाळेतला चकचकीत नवा फोन दिला तर आई गोंधळणारच. तिच्या फोनवर व्हॉट्सअॅप खालच्या ओळीत उजवीकडे असतं आणि तिचं बोट पडदा न बघता तिथे जातं. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लुईस न्यूगोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सरळ उपाय काढला. त्यांच्या पद्धतीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट माणसाच्या घरी जातो, त्याला रोज लागणारी त्याची स्वतःची उपकरणं वापरायला सांगतो आणि बघत बसतो. कुठे थबकला, चुकीचं बटण दाबल्यावर त्याच्या लक्षात आलं का, चूक सुधारली का, की तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिला. हे मुख्यतः विस्मरणाचा त्रास सुरू झालेल्यांसाठी रचलेलं असलं तरी मला या सबंध आढाव्यात सर्वांत शहाणपणाचं हेच वाटलं.

आपल्याकडे त्या बघत बसण्यात आणखी काही गोष्टी दिसतील. एक म्हणजे फोन. घरातल्या म्हाताऱ्यांकडे बहुधा उतरंडीचा फोन असतो: मुलाने नवा घेतला की त्याचा जुना सुनेकडे, तिचा सासूकडे. काच एका कोपऱ्यात तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंत टिकणारी आणि मेमरी कायमची भरलेली. फोन का अडकतात, हे शोधायला निघालेल्या गूगलच्या संशोधकांना भारतात त्याचं एक कारण सापडलं होतं फुलं, सूर्योदय आणि सुविचारांच्या शुभसकाळ चित्रांमध्ये. २०१८ च्या सुरुवातीला त्याची जगभर बातमी झाली. अशा फोनवर व्हिडिओ कॉल लागला नाही, तर नापास कोण?

दुसरी गोष्ट बोटाची. आजच्या पडद्याला दाब कळत नाही, बोटातून बदलणारा सूक्ष्म विद्युतभार कळतो. वयानुसार कातडी कोरडी होते, राबलेल्या हातांची तर जाड आणि भेगाळलेली. आमच्या इमारतीतल्या एक आजी फोनवर टिचकी मारण्याआधी बोटावर ‘हाऽ’ करून फुंकर घालतात, चष्म्याच्या काचेवर घालावी तशी. कुणी शिकवलं नाही, त्यांनीच शोधलं, आणि ते शास्त्राला धरून आहे. शिवाय थरथरतं किंवा सावध बोट पडद्यावर जरा जास्त वेळ रेंगाळतं. अर्धा सेकंद रेंगाळलं की फोन त्याला ‘दाबून धरलं’ असं समजतो आणि भलतीच यादी उघडतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये हा अवधी वाढवता येतो. मी आईच्या फोनवर तो वाढवला आणि एका दिवसात तिचं ‘कौशल्य’ सुधारलं. ती काहीही शिकली नव्हती.

तिसरी गोष्ट नातवंडांची. बंगळूरच्या गरीब वस्त्यांत नित्या सांबशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की ज्याला यंत्र वापरता येत नाही त्याचाही त्या यंत्राशी रोजचा संबंध असतो, मधल्या माणसामार्फत. आपल्याकडे तर ते घराघरात आहे. आजी सांगते, नातू दाबतो. कुणाला फोन लावायचा हे तिला ठाऊक, कुठलं बिल भरायचं आणि किती हे तिला ठाऊक, पैसे गेल्याचा मेसेज आला का हे ती बघायला लावते. एकट्याला काय येतं एवढंच विचारणाऱ्या पट्टीवर ती शून्य. पण ज्या घरात पूर्वी पत्र लिहायला नि वाचून दाखवायला पोस्टमन किंवा शेजारचा मुलगा असायचा, तिथे ही रीत जुनीच आहे. माझ्या मते मदत घेऊन केलेलं काम वेगळ्या रकान्यात लिहावं, शून्यात नव्हे. मदत कुणाची, रोज मिळते की सुट्टीतच, ती मिळाली नाही तर काम अडतं का, हे प्रश्न त्या रकान्यासमोर हवेत. लॉटन-ब्रॉडींना हे समजलं होतं. त्यांनी नुसता फोन उचलणाऱ्यालाही गुण दिला होता.

पट्ट्या आपल्या मापाच्या करून घेण्याची परंपरा भारतात आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये १९९० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून ग्रामीण वृद्धांमधल्या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास केला. स्मरणशक्तीची प्रचलित अमेरिकी चाचणी तिथे फसली, कारण समोरचे बहुसंख्य लोक निरक्षर होते. त्या चाचणीत कागदावर ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचून तसं करायचं असतं. इथे त्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसंच करा’ असं सांगून परीक्षकाने स्वतः डोळे मिटले. शंभरातून सात-सात वजा करत जाण्याच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. आणि रोजच्या कामांची यादीही बदलली: गावात वाट चुकतात का, सणवार लक्षात राहतात का, निरोप दिला तर तो पोचवतात का, असं घरच्यांना विचारलं. निरोप पोचवणं हे लॉटन-ब्रॉडींच्या टेलिफोनचं बल्लभगढमधलं रूप. स्मार्टफोनसाठी नेमकं हेच काम व्हायचं आहे आणि ते भाषांतरकारांचं काम नाही.

त्या यादीत काय असावं, याबद्दल माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. आजवरच्या पट्ट्या ‘करता येतं का’ असंच विचारतात. पण इथल्या ज्येष्ठांवर येणारी संकटं करण्यामुळे येतात. लग्नाचं निमंत्रण म्हणून आलेली एपीके फाइल उघडल्यामुळे. पैसे ‘मिळवण्यासाठी’ यूपीआयचा पिन टाकल्यामुळे, जो पैसे घेताना कधीच लागत नाही. खाकी वर्दीतल्या माणसाचा व्हिडिओ कॉल तासन् तास चालू ठेवल्यामुळे. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाचा हा प्रकार इतका वाढला की २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना त्यावर बोलावं लागलं. तेव्हा न दाबणं, फोन ठेवून देणं, आधी कुणाला तरी विचारणं आणि फसलोच तर १९३० ला फोन करणं, ही कौशल्यं आहेत. सगळं सफाईने करणारा माणूस इथे अधिक धोक्यात असू शकतो. माझी आई ज्या प्रश्नावलीत साडेसतरा गुणांवर अडली, तिच्यात पस्तीस मिळवणारा एखादा निवृत्त अधिकारी आयुष्याची पुंजी पाच मिनिटांत पाठवू शकतो, कारण त्याला पाठवता येतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात एका सकाळी वही घेऊन गेले. सचिवांना काय करणार आहे ते आधी सांगून ठेवलं होतं. हे संशोधन नव्हे, नऊ माणसं आणि चहा. स्वतःच्या फोनवर सहा कामं करायची: माझा नंबर नावासकट साठवा, मला एक व्हॉइस मेसेज पाठवा, फोटो काढून पाठवा, अक्षर मोठं करा, उद्या सकाळी सहाचा गजर लावा. सहावं काम मी सांगितलंच नाही. दुसऱ्या, त्यांच्याकडे न साठवलेल्या नंबरवरून प्रत्येकाला एक मेसेज गेला: वीजबिल थकलं आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, ताबडतोब या नंबरवर फोन करा.

अक्षर मोठं करणं नऊपैकी दोघांना जमलं. गजर पाच जणांना. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी पाचही कामं सहा मिनिटांत उरकली आणि मग वीजबिलाच्या नंबरवर फोनही लावला. माझ्या पिशवीतला दुसरा फोन वाजला. सगळे हसले, तेही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते आणि मला उगाच अपराधी वाटलं.

कोपऱ्यात बसलेल्या एका आजींना पाचातलं फक्त एक काम आलं, व्हॉइस मेसेजचं. तो मेसेज असा: ‘ताई, मी बोलतेय, चहा घेतला का?’ वीजबिलाचा मेसेज त्यांनी ओठ हलवत दोनदा वाचला. मग फोन पदराने पुसून पिशवीत ठेवला. तुम्ही फोन का नाही केलात, विचारलं. ‘बिल मुलगा भरतो. आणि रात्री वीज तोडायला कोण येतंय? दिवसा बोलवलं तर येत नाहीत.’

माझ्या वहीत सहाव्या कामाच्या रकान्याला मथळाच दिलेला नव्हता. त्यांच्या नावासमोर तिथे काय लिहायचं, याचा मी अजून विचार करते आहे.